मक्त्याने दिलेले राज्य : चिनी गुप्त संघांची खरी कुळकथा

‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली निवृत्त शिक्षकांची, बँक अधिकाऱ्यांची आणि डॉक्टरांची आयुष्यभराची पुंजी लुटली गेल्याच्या बातम्या आता महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहराला नवीन राहिलेल्या नाहीत. यांतल्या अनेक प्रकरणांत तपासाचा धागा म्यानमार, कंबोडिया किंवा लाओसमधल्या कुंपण घातलेल्या वसाहतींपर्यंत जाऊन पोहोचतो, आणि मग बातमीत ‘चिनी टोळ्या’ हे दोन शब्द येतात. बहुतेक वेळा विचारही तिथेच थांबतो. चिनी समाजात म्हणे शेकडो वर्षांपासून गुप्त संघ आहेत, त्यांच्या रक्ताच्या शपथा आहेत, सांकेतिक खुणा आहेत, आणि त्या परंपरेचेच हे आजचे रूप आहे, अशी एक सोयीची समजूत करून घेतली जाते. ही समजूत चुकीची आहे आणि तिच्यामुळे या गुन्हेगारीविरुद्धची लढाई चुकीच्या जागी लढली जाते, असे माझे मत आहे. या संघांचा अडीचशे वर्षांचा इतिहास पाहिला तर ते कोणत्याही गूढ परंपरेतून बळावलेले दिसत नाहीत. ज्या राज्यकर्त्यांना माणसांचे श्रम हवे होते पण त्या माणसांना कायद्याचे संरक्षण द्यायचे नव्हते, त्यांनी आपल्या अधिकाराचा एकेक तुकडा मक्त्याने दिला, आणि तो मक्ता घेणारे हात पुढे टोळीचे हात झाले.

आधी दंतकथेचा विचार करू, कारण तिचे वजन अजून उतरलेले नाही. संघाच्या दीक्षाविधीत सांगितली जाणारी कथा अशी : मांचू सम्राट कांगशीला शीलू नावाच्या परकीय टोळ्यांनी जेरीस आणले, तेव्हा शाओलिन मठातल्या भिक्षूंनी त्यांचा पराभव करून दिला, पण पुढे सम्राटाने विश्वासघात करून मठ जाळला, पाच भिक्षू वाचले आणि त्यांनी मांचूंना हाकलून त्यांच्याआधीच्या मिंग घराण्याची पुनर्स्थापना करण्याची शपथ घेतली. हे पाच भिक्षू म्हणजे संघाचे ‘पाच पूर्वज’. विसाव्या शतकाच्या आरंभी ही कथा क्रांतिकारकांच्या फार उपयोगी पडली. मांचूविरोधी क्रांतीचे नेते सुन यत-सेन यांनी १९०४ साली होनोलुलू येथे स्वतः या परंपरेतल्या संघाची दीक्षा घेतली, कारण परदेशांतल्या चिनी मजुरांकडून आणि व्यापाऱ्यांकडून निधी मिळवायचा तर त्यांच्या संघांखेरीज दुसरा रस्ता नव्हता. साहजिकच गुप्त संघ हे मांचूविरोधी राष्ट्रीय क्रांतीचे पूर्वसुरी ठरले आणि दंतकथेला इतिहासाचा दर्जा मिळाला.

चीनमधील साई शाओछिंग आणि छिन बाओछी या इतिहासकारांनी मांचू राजवटीच्या दफ्तरातले मूळ कबुलीजबाब आणि अहवाल अभ्यासले, तेव्हा वेगळे चित्र पुढे आले. तिएन्दीहुई, म्हणजे ‘स्वर्ग-पृथ्वी संघ’, हा पुढे ट्रायड म्हणून ओळखल्या गेलेल्या साऱ्या संघांचा मूळपुरुष. तो १७६१-६२च्या सुमारास फूजियान प्रांतातल्या झांगझोउ परिसरात, एका क्वानयिन मंदिरात, तीशी नावाच्या एका भिक्षूने स्थापन केला. मिंग घराणे १६४४ साली पडले होते. म्हणजे संघाचा जन्म त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी झाला, आणि सुरुवातीच्या कबुलीजबाबांमध्ये मिंग पुनर्स्थापनेचा उल्लेख शोधूनही सापडत नाही.

मग लोक या संघात का जात होते? यान यान नावाच्या कापडविक्याने १७८०च्या दशकात फूजियानहून तैवानात जाऊन हा संघ तिथे नेला आणि पकडला गेल्यावर त्याने जी जबानी दिली, ती माझ्या मते या विषयावरचा सर्वांत मोलाचा कागद आहे. त्याच्या सांगण्याचा आशय असा की, लग्नकार्यात किंवा मर्तिकाच्या वेळी सभासद पैशांची मदत करतात. कुणाशी मारामारी झाली तर पाठीशी माणसे उभी राहतात. वाटेत लुटारूंनी गाठले तर खूण पटल्यावर ते सोडून देतात. आणि आपण दुसऱ्याला दीक्षा दिली तर त्याची दक्षिणाही आपल्याला मिळते. चहाचा पेला किंवा तंबाखू घेताना तीन बोटे पुढे करायची, एवढीच ती खूण. या चार कारणांत पहिली तीन एका असुरक्षित माणसाची आहेत आणि चौथे एका धंद्याचे आहे. परस्पर साहाय्य आणि खंडणी ही जुळी भावंडे होती. संघ आधी पवित्र होता आणि मागाहून बिघडला, असे म्हणणाऱ्यांशी म्हणूनच मी सहमत नाही.

त्या काळच्या दक्षिण चीनकडे पाहिले की ही असुरक्षितता कुठून आली ते कळते. अठराव्या शतकात चीनची लोकसंख्या साधारण दुप्पट होऊन तीस कोटींच्या पुढे गेली. फूजियान हा डोंगराळ, किनाऱ्यालगतचा, जमीन कमी असलेला प्रांत. तिथे बलाढ्य कुळांची भावकी गावेच्या गावे धरून बसलेली असे आणि पाण्यावरून, स्मशानभूमीवरून, बाजाराच्या हक्कावरून त्यांच्यात सशस्त्र भांडणे चालत. धाकटे मुलगे, भूमिहीन, लग्न न झालेले तरुण यांना या रचनेत जागा नव्हती. ते तैवानात, क्वांगतुंगात आणि पुढे समुद्रापार गेले. तैवानात तर बराच काळ कुटुंब घेऊन जाण्यास सरकारी मनाई होती, त्यामुळे तिथे बेटभर एकटे पुरुष गोळा झाले. सरकारी अधिकारी थोडे, त्यांतले बरेच लाचखाऊ. ज्याला भाऊबंद नव्हते त्याने शपथेने भाऊ जोडले. भिशीसारख्या वर्गणीच्या पद्धती तिथे पूर्वापार होत्याच. शपथ आणि गुप्तता यांची त्यात भर पडली.

१७८६ साली तैवानात अधिकाऱ्यांनी संघाच्या लोकांची धरपकड सुरू केली, गावे जाळली, आणि त्यातून लिन श्वांगवेन याचे बंड उभे राहिले. ते मोडायला मांचू सरकारला मुख्य भूमीवरून मोठे सैन्य न्यावे लागले आणि १७८८ उजाडले. या बंडामुळेच दरबाराला तिएन्दीहुईचे नाव प्रथम नीट कळले. पुढे १७९२ साली या संघाचे नाव घेऊन स्वतंत्र कायदा झाला. त्यामुळे ज्या माणसाने मर्तिकाच्या खर्चाच्या चिंतेपोटी शपथ घेतली होती, तो आणि ज्याने बंड केले तो, दोघेही कायद्याच्या दृष्टीने सारखेच ठरले. धरपकडीच्या भीतीने सभासद पांगले आणि संघ क्वांगतुंग, क्वांगशी, जियांगशी या प्रांतांत पसरला. बंदी घातली की संघ नाहीसा होत नाही, तो अधिक गुप्त होतो आणि अधिक कठोर माणसांच्या हाती जातो. पुढच्या दोन शतकांत हे वारंवार घडले.

या कथेचा खरा गाभा मात्र मला मलाया आणि सिंगापूरमध्ये दिसतो, आणि त्याचा एक धागा थेट मुंबईत येतो. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिशांना मलाक्काच्या सामुद्रधुनीतली बंदरे चालवायला, मिऱ्याचे मळे पिकवायला आणि कथिलाच्या खाणी खणायला मजूर हवे होते. हे मजूर दक्षिण चीनमधून कर्जाने बांधून आणले जात. त्यांना उतरवून घेणे, कामाला लावणे, त्यांची भांडणे मिटवणे आणि मेल्यावर त्यांना मूठमाती देणे ही सारी कामे घी हिन, हाय सान यांसारखे संघ करीत. ब्रिटिश अधिकाऱ्यांना त्या मजुरांची भाषा येत नव्हती आणि ती शिकण्याची गरजही फार कुणाला वाटली नव्हती. विल्यम पिकरिंग हा चिनी बोली जाणणारा अधिकारी ‘चिनी जनतेचा संरक्षक’ म्हणून सिंगापुरात नेमला गेला तो १८७७ साली, म्हणजे वसाहत स्थापन होऊन अठ्ठावन्न वर्षे झाल्यावर. तोवर त्या लोकांवर प्रत्यक्ष राज्य संघांचे होते.

हे राज्य फुकट दिलेले नव्हते. सरकारचा खर्च भागत होता तो अफूच्या मक्त्यावर. शिजवलेली अफू किरकोळ विकण्याचा हक्क लिलावाने दिला जाई. मक्तेदार ठरलेली रक्कम दरमहा सरकारजमा करी आणि आपला हक्क सांभाळायला, चोरटी अफू पकडायला स्वतःची माणसे ठेवी. सिंगापूरच्या महसुलाचा सर्वांत मोठा हिस्सा, काही काळ तर जवळपास निम्मा, या एका मक्त्यातून येत असे. मक्तेदाराची ही माणसे कुठून येत होती, हे सांगायला नकोच. खाणीतल्या मजुराला मजुरीचा काही भाग अफूच्या रूपाने मिळे, त्याचे कर्ज वाढे, तो संघाच्या ताब्यातून सुटत नसे. आणि या साऱ्यातून निघणारा पैसा न्यायालये, रस्ते आणि अधिकाऱ्यांचे पगार यांवर खर्च होई. अशा सरकारने ‘चिनी गुन्हेगारी प्रवृत्ती’वर अहवाल लिहावेत, याची मला आजही चीड येते.

ही अफू यायची हिंदुस्थानातून. बंगाल-बिहारची अफू कंपनी सरकार स्वतः पिकवून घेई. माळव्याची अफू शिंदे-होळकरांच्या मुलखात पिके आणि परवान्याची फी भरून मुंबई बंदरातून चीनकडे जाई. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्यासह मुंबईच्या अनेक व्यापाऱ्यांच्या संपत्तीत या व्यापाराचा मोठा वाटा होता, आणि त्या संपत्तीतून उभ्या राहिलेल्या रुग्णालयांचा आणि शाळांचा लाभ आपण आजही घेतो. ट्रायड म्हटले की ‘ते तिकडचे’ असे म्हणण्याची जी घाई होते, तिला एवढी एक माहितीच पुरेशी आहे.

पेराक संस्थानातल्या लारूत येथे कथिलाच्या खाणींवरून घी हिन आणि हाय सान यांच्यात १८६१पासून लढाया पेटल्या. दोन्हींच्या पाठीशी पिनांगचे भांडवलदार आणि स्थानिक मलाय सरदार होते. १८७४च्या जानेवारीत पांगकोर करार झाला. त्याने लढाई थांबली, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे पेराकमध्ये ब्रिटिश रेसिडेंट बसला. आणि ज्या दोन संघांनी तेरा वर्षे एकमेकांचे मुडदे पाडले होते, त्यांच्या प्रमुखांना पुढे शिक्षा झाली नाही. चुंग केंग क्वी आणि चिन आह याम हे दोघेही पेराकच्या राज्य मंडळावर सभासद म्हणून नेमले गेले. मजूर मेले, मक्तेदार मानकरी झाले. पुढे १८८९ साली कायदा करून सिंगापूर-पिनांगमधले हे संघ बेकायदा ठरवण्यात आले आणि मदतीचे काम करणारा त्यांचा भाग हळूहळू वेगळ्या, नोंदणीकृत मंडळांकडे गेला. उरला तो केवळ दंडुक्याचा भाग. अफूचा मक्ता मात्र त्यानंतरही वीस वर्षे चालू राहिला.

उत्तर अमेरिकेची कथा याच साच्यातली असल्याने तिच्यावर फार थांबत नाही. रेल्वेमार्ग आणि सोन्याच्या खाणी यांसाठी चिनी मजूर नेले गेले. १८८२ साली अमेरिकेने चिनी मजुरांना येण्यास बंदी केली आणि आधीपासून तिथे असलेल्यांनाही नागरिकत्व नाकारले. चायनाटाउन नावाच्या कोंडवाड्यात जुगार, अफू आणि वेश्याव्यवसाय चालवणाऱ्या ‘टाँग’ संघटनांच्या मारामाऱ्यांच्या कहाण्या मग वर्तमानपत्रांनी चवीने छापल्या.

शांघाय मात्र सविस्तर पाहिले पाहिजे, कारण मक्त्याची ही पद्धत तिथे कळसाला पोहोचली. तिथल्या ग्रीन गँग या टोळीचे मूळ तिएन्दीहुईत नाही. महाकालव्यावरून उत्तरेकडे सरकारी धान्य वाहून नेणाऱ्या नावाड्यांच्या पंथात ते आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पीत नदीने पात्र बदलले, धान्य समुद्रमार्गे जाऊ लागले आणि हजारो नावाडी बेकार होऊन चोरट्या मिठाच्या धंद्याला लागले. त्यांचे वारस शांघायला आले तेव्हा त्या एका शहरात तीन राज्ये नांदत होती : आंतरराष्ट्रीय वसाहत, फ्रेंच वसाहत आणि चिनी हद्द. रस्ता ओलांडला की पोलीस बदलत, न्यायालय बदले, कायदा बदले. गुन्हेगाराला यापेक्षा सोयीचे शहर मिळणे कठीण.

फ्रेंचांनी यावर उपाय शोधला तो स्वस्तातला. ह्वांग जिनरोंग हा त्यांच्या पोलीस दलातल्या चिनी गुप्तहेरांचा प्रमुख होता आणि तोच ग्रीन गँगचाही म्होरक्या होता. फ्रेंच अधिकाऱ्यांना हे ठाऊक होते. किंबहुना त्याची उपयुक्तता त्यातच होती. चोरीला गेलेला माल तो परत आणून देई, कारण चोर त्याचेच असत. त्याच्या हाताखाली तयार झालेला दू युएशेंग हा पुदोंगचा अनाथ पोर, फळांच्या दुकानात काम केलेला. त्याने १९२०च्या दशकात अफूच्या टोळीयुद्धांचे रूपांतर एका शिस्तबद्ध कंपनीत केले. फ्रेंच वसाहतीच्या अधिकाऱ्यांना ठरलेले पैसे जात आणि त्या बदल्यात अफूच्या गोदामांना संरक्षण मिळे. मलायात लिलावाने उघडपणे दिला जाणारा मक्ता इथे पाकिटातून दिला गेला, एवढाच फरक.

१९२७च्या एप्रिलमध्ये या मक्त्याची खरी किंमत कळली. शांघायच्या कामगार संघटनांनी उठाव करून शहर राष्ट्रवादी सैन्याच्या हाती दिले होते. राष्ट्रवादी सेनापती च्यांग काय-शेकला त्या संघटना मोडायच्या होत्या, परकीय वसाहतींनाही त्या नको होत्या. ११ एप्रिलच्या रात्री कामगार नेता वांग शोउह्वा याला दू युएशेंगच्या घरी मेजवानीला बोलावून ठार मारण्यात आले, आणि १२ तारखेच्या पहाटे कामगारांच्या वेशातले टोळीवाले संघटनांच्या कार्यालयांवर तुटून पडले. हे सशस्त्र लोक परकीय वसाहतींच्या रस्त्यांवरून बिनदिक्कत गेले. त्यानंतर दू युएशेंग हा प्रतिष्ठित नागरिक झाला : बँकेचा संचालक, दानशूर, फ्रेंच वसाहतीच्या कारभारात चिनी लोकांचा प्रतिनिधी आणि कालांतराने अफूनिर्मूलन समितीचा सभासदही. १९३१च्या जूनमध्ये त्याने पुदोंगमध्ये आपल्या पूर्वजांचे मंदिर बांधून त्याचा उत्सव केला, तेव्हा लष्करी बँड आणि मानाचे फलक घेऊन निघालेली मिरवणूक काही किलोमीटर लांब होती, आणि एक फलक खुद्द च्यांग काय-शेकच्या नावाचा होता.

इथे एक आक्षेप येईल आणि त्याला उत्तर देणे आवश्यक आहे. साम्यवादी राजवटीने १९४९नंतर काही वर्षांत अफू आणि टोळ्या दोन्ही संपवल्या. म्हणजे कठोर हाताने हा प्रश्न सुटतोच, असे कुणी म्हणेल. तो काही काळ सुटला, हे खरे आहे. म्हाताऱ्या ह्वांग जिनरोंगला १९५१ साली शांघायच्या रस्त्यावर झाडू मारायला लावून त्याचे छायाचित्र प्रसिद्ध केले गेले. पण त्याच मोहिमांत न्यायालयीन प्रक्रियेविना असंख्य माणसे मारली गेली, आणि आर्थिक सुधारणांबरोबर टोळ्या परतही आल्या. पुन्हा आल्या त्या पक्षाच्याच अधिकाऱ्यांच्या आश्रयाने. छोंगछिंगचा माजी पोलीस उपप्रमुख वेन छियांग याला टोळ्यांना संरक्षण दिल्याबद्दल २०१० साली फाशीची शिक्षा झाली आणि ती अमलात आली. २०१८ साली सुरू झालेल्या देशव्यापी मोहिमेत टोळ्यांबरोबरच त्यांच्यावर ‘संरक्षक छत्री’ धरणारे अधिकारीही लक्ष्य असल्याचे सरकारने स्वतःच जाहीर केले. ज्या देशात पोलिसांवर स्वतंत्र नजर ठेवणारे कुणी नाही, तिथे एक छत्री मिटली की दुसरी उघडते.

याउलट हाँगकाँगचा अनुभव मला अधिक बोधप्रद वाटतो. ब्रिटिशांनी बेट ताब्यात घेतल्यावर १८४५ सालचा पहिलाच कायदा केला तो ट्रायडविरोधी होता, आणि त्यात गुन्हेगाराच्या अंगावर डाग देण्याची शिक्षा होती. सव्वाशे वर्षे एकामागून एक कडक कायदे झाले. नुसते ‘मी ट्रायडचा सभासद आहे’ असे म्हणणेही गुन्हा ठरले. तरी संघ वाढतच गेले. चीनमधल्या यादवी युद्धानंतर लाखो निर्वासित आले, त्यांच्याबरोबर ग्वांगझोउमध्ये एका राष्ट्रवादी सेनाधिकाऱ्याने उभारलेला १४के हा संघही आला. कोवलून तटबंदी शहर या सुमारे पावणेतीन हेक्टरांच्या तुकड्यावर १८९८च्या करारामुळे ब्रिटनचा आणि चीनचा वाद होता, म्हणून प्रत्यक्षात राज्य कुणाचेच नव्हते. तिथे शेवटी तेहेतीस हजारांच्या आसपास लोक राहत होते. अंधाऱ्या बोळांत डोक्यावरून पाण्याच्या नळ्या आणि विजेच्या तारा लोंबत, तळमजल्यावर परवाना नसलेले दंतवैद्य पाट्या लावून बसत आणि शेजारी मासळीचे गोळे वळण्याचे कारखाने चालत. अफूचे अड्डेही तिथेच होते. पण तिथल्या रहिवाशांनी पुढे आपले मंडळ स्थापून सफाईचे आणि भांडणे मिटवण्याचे काम केले, हेही लक्षात घेतले पाहिजे. राज्य नसलेल्या जागी फक्त टोळीच येते असे नाही.

उरलेल्या हाँगकाँगात राज्य होते, आणि खरी अडचण तीच होती. पोलीस ठाण्यांतले चिनी सार्जंट जुगारअड्डे, अफूचे अड्डे आणि फेरीवाले यांच्याकडून ठरावीक हप्ता गोळा करीत आणि तो वरच्या गोऱ्या अधिकाऱ्यांपर्यंत वाटला जाई. पीटर गॉडबर या चीफ सुपरिंटेंडंटकडे पगाराशी मुळीच न जुळणारी सुमारे ४३ लाख हाँगकाँग डॉलरची माया सापडली, आणि चौकशी चालू असतानाच १९७३च्या जूनमध्ये तो देश सोडून पळाला. लोक रस्त्यावर उतरले. १९७४च्या फेब्रुवारीत पोलिसांपासून पूर्णपणे वेगळा, थेट गव्हर्नरला जबाबदार असा स्वतंत्र भ्रष्टाचारविरोधी आयोग स्थापन झाला. गॉडबरला परत आणून शिक्षा झाली. आयोगाची पकड इतकी आवळली की १९७७ साली पोलिसांनीच बंड करून आयोगाच्या कार्यालयावर हल्ला केला आणि गव्हर्नरला जुन्या गुन्ह्यांना अंशतः माफी द्यावी लागली. ती माफी मला पटत नाही. तरीही पोलीस ठाण्यांतून चालणारी हप्त्यांची साखळी तुटली ती तुटलीच. ट्रायड नाहीसे झाले नाहीत. पण शहराच्या कारभारातली त्यांची भागीदारी संपली. डाग देणाऱ्या कायद्याला जे जमले नाही, ते वर्दीतल्या माणसाची संपत्ती तपासणाऱ्या कायद्याला जमले.

याच कारणाने, राज्यकर्त्यांना पुन्हा गरज भासली की ही भागीदारीही पुन्हा सुरू होते. चिनी वंशाचे पत्रकार हेन्री ल्यू यांचा १९८४च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियात खून झाला. मारेकरी तैवानच्या बांबू युनियन टोळीचे होते आणि त्यांना पाठवणाऱ्या तैवानच्या लष्करी गुप्तचर प्रमुखाला पुढे शिक्षा झाली. १९९३ साली चीनचे सार्वजनिक सुरक्षा मंत्री थाओ सजू यांनी हाँगकाँगच्या ट्रायडमध्येही देशभक्त माणसे असू शकतात, असे जाहीरपणे सांगितले. २१ जुलै २०१९ रोजी युएन लाँग रेल्वे स्थानकात पांढऱ्या शर्टातल्या जमावाने लोकशाहीवादी आंदोलकांना आणि सामान्य प्रवाशांना काठ्यांनी झोडपले, तेव्हा पोलीस उशिरा पोहोचले, आणि हाँगकाँगच्या अनेक लोकांचा त्यांच्यावरचा विश्वास त्या रात्री उडाला.

आता आजच्या वसाहतींकडे येऊ. म्यानमारच्या कोकांग भागात २००९ साली लष्कराने आपल्याला अनुकूल घराण्यांना सत्तेवर बसवले, त्यांच्या माणसांना सीमा रक्षक दलाचा गणवेश दिला आणि त्या बदल्यात लौक्काय हे गाव त्यांच्या हवाली केले. आधी जुगारगृहे आली, मग ऑनलाइन जुगार, आणि करोनाकाळात गिऱ्हाईक थांबल्यावर त्याच इमारतींत फसवणुकीची केंद्रे उभी राहिली. थायलंडच्या सीमेवर म्यावड्डीजवळ हेच घडले. तिथेही लष्कराशी संलग्न सशस्त्र गटाने जमिनी भाड्याने दिल्या. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने २०२३ साली म्यानमारमध्ये किमान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० लोक अशा सक्तीच्या कामात अडकले असल्याचा अंदाज दिला. कोकांगमधल्या मिंग आडनावाच्या (जुन्या राजघराण्याशी संबंध नसलेल्या) कुटुंबाच्या टोळीतल्या ११ जणांना चिनी न्यायालयाने २०२५ साली फाशीची शिक्षा सुनावली; पण त्यांना गणवेश देणारे लष्कर मात्र सत्तेवरच राहिले. मलायातला मक्तेदार आणि आजचा वसाहतमालक यांच्यात मला फार अंतर दिसत नाही. दोघेही कर्जाने बांधलेले मजूर ठेवतात, दोघांचेही स्वतःचे पहारेकरी असतात, आणि दोघेही वर भाडे पोहोचवतात.

त्या मजुरांत आता मराठी मुलेही आहेत. थायलंडमध्ये डेटा एंट्रीचे काम, गलेलठ्ठ पगार, विमानाचे तिकीट आमच्याकडून, असे सांगून एजंट त्यांना नेतात. सीमेपलीकडे नेल्यावर पासपोर्ट काढून घेतला जातो, आणि मग दिवसाचे बारा-चौदा तास आपल्याच देशातल्या माणसांना फसवण्याचे काम लावले जाते. २०२५च्या मार्चमध्ये हवाई दलाच्या विमानांनी पाचशेहून अधिक भारतीयांना थायलंडच्या माए सोतहून परत आणले, आणि पुढच्या महिन्यात महाराष्ट्र सायबरने म्यानमारमधून साठहून अधिक जणांची सुटका करून त्यांना पाठवणाऱ्या एजंटांना अटक केली. हे काम स्तुत्य आहे. पण परत आलेल्या मुलाकडे आपली यंत्रणा आणि आपला समाज गुन्हेगार म्हणून पाहू लागला, तर आपण १७९२चाच कायदा नव्या भाषेत लिहू. माणसांच्या तस्करीविरुद्धचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने २०११ साली मान्य केला आहे. त्याच्या भूमिकेनुसार ही मुले आधी बळी आणि साक्षीदार आहेत. त्यांना कुणी पाठवले, पैसे कोणत्या खात्यांतून फिरले, सिमकार्डे कुणी पुरवली, हे तेच सांगू शकतात, आणि त्यांनी सांगावे असे वाटत असेल तर त्यांना अभय द्यावे लागेल.

संघटित गुन्हेगारीविरुद्ध देशातला पहिला स्वतंत्र कायदा महाराष्ट्राने १९९९ साली केला, म्हणून कठोर कायद्याचे आकर्षण आपल्याला थोडे अधिक असणे स्वाभाविक आहे. मात्र अशा कायद्याचा रोख टोळीच्या माणसांवर राहतो. भाडे घेणाऱ्यावर तो क्वचितच जातो. फसवणुकीचा पैसा देशाबाहेर जातो तो आपल्याच बँकांतल्या भाड्याच्या खात्यांतून. ती खाती उघडून देणारा बँक कर्मचारी, नोंदणी नसताना परदेशी नोकरीची जाहिरात करणारा एजंट, आणि तक्रार येऊनही त्याच्याकडे काणाडोळा करणारा अधिकारी, हे मक्त्याचे आपल्याकडचे टोक आहे. हाँगकाँगच्या आयोगासारखी स्वतंत्र नजर या टोकावर हवी, आणि ती पोलिसांच्या हाताखाली नको.

शेवटी वंशाविषयी. १९६२च्या युद्धानंतर सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या भारतीयांना राजस्थानातल्या देवळी येथील छावणीत डांबण्यात आले. त्यांचा गुन्हा त्यांचा चेहरा एवढाच होता. मुंबईत माझगावला सी यप कून हे चिनी मंदिर आहे. क्वांगतुंगच्या चार तालुक्यांतून आलेल्या खलाशांनी आणि कारागिरांनी ते १९१९च्या सुमारास उभारले, आणि त्याच्या वरच्या मजल्यावर क्वान कुंग ही निष्ठेची देवता आहे. हाँगकाँगमध्ये ट्रायडचे लोक याच देवतेसमोर शपथ घेतात आणि तिथल्या पोलीस ठाण्यांतही तिचीच पूजा होते. माझगावच्या मंदिरालाही परस्पर साहाय्याची तीच परंपरा होती, तोच प्रांत होता, परमुलखातला तोच एकटेपणा होता. त्यातून मुंबईत ट्रायड निर्माण झाला नाही, कारण इथे त्या खलाशांना कुणी अफूचा मक्ता दिला नाही, पोलिसांचा दंडुका दिला नाही, की एखादी वस्ती आंदण दिली नाही. म्हणून ‘चिनी टोळी’ हे शब्द बातमीत वाचल्यावर, त्या टोळीला जागा कुणी दिली आणि तिच्याकडून भाडे कोण घेते, हा प्रश्न आपण तपास यंत्रणांना आणि आपल्या लोकप्रतिनिधींना प्रत्येक प्रकरणात विचारला पाहिजे.